रोपवाटिकेतील प्रवाळ आणि तापलेले पाणी

समुद्रतळाशी दोऱ्यांवर प्रवाळांचे तुकडे टांगून वाढवायचे आणि पुरेसे मोठे झाल्यावर ते ओसाड खडकावर चिकटवायचे, हे पाणबुड्यांचे कष्टाचे काम मला मनापासून मोलाचे वाटते. मात्र लावलेले प्रवाळ पुढचा उन्हाळा सोसतील का, हा प्रश्न त्याच्या बातम्यांत बहुधा मागे पडतो.

प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंगही बव्हंशी त्याच्यामुळेच असतो. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ १ अंश सेल्सिअसने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर पडते आणि चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. असा प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो. परंतु प्रवाळांच्या सांगाड्यांनी बनलेली प्रवाळभित्ती पूर्ववत व्हायला अनेक वर्षे लागतात आणि ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ अशी व्यापक विरंजने झाली. मंद वाढणाऱ्या जुन्या वसाहतींना एवढी उसंत मिळतेच कुठे?

फ्लोरिडात अनेक वर्षे एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न या फांद्यांच्या प्रवाळांची लागवड चालू होती. २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी इतके तापले की रोपवाटिकांतील प्रवाळ घाईने जमिनीवरील टाक्यांत हलवावे लागले. भित्तीवर राहिलेले बहुतेक मेले, आणि भित्ती बांधण्याच्या कामी या दोन जाती तेथे आता जवळजवळ उरलेल्या नाहीत, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. हे वाचून फार वाईट वाटले.

एकाच वसाहतीचे तुकडे जनुकीयदृष्ट्या सारखेच असल्याने त्यांची उष्णता सोसण्याची मर्यादाही साधारण सारखीच असते. म्हणून वेगवेगळ्या वसाहतींच्या बीजांडांचा आणि शुक्राणूंचा संकर घडवून नवी पिढी वाढवण्याचे प्रयोग मला अधिक आशादायक वाटतात. होंडुरासमधील उष्ण पाण्यात टिकलेल्या एल्कहॉर्नचा फ्लोरिडातील एल्कहॉर्नशी संकर करून तयार केलेली पिल्ले २०२५ मध्ये मायामीजवळ लावण्यात आली. पृथ्वीची सरासरी तापमानवाढ औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत २ अंशांपर्यंत गेली तर ९९ टक्क्यांहून अधिक प्रवाळभित्ती नष्ट होतील, असा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा अंदाज आहे. त्या पाण्यात हे संकरित प्रवाळही तगतील असे मी धरून चालणार नाही. उत्सर्जन कपात लांबणीवर टाकण्यासाठी या लागवडीचा दाखला दिला जाऊ नये, एवढा माझा आग्रह आहे.