नकाशावरची शिरोरेघ

आमच्या रविवारच्या खेळात (फासे, राक्षस आणि भरपूर चिवडा) एक नवं राज्य यायचं होतं, म्हणून मी त्याचा जुनाट दिसणारा नकाशा काढायला घेतला. ए-थ्री, 300 डीपीआय, म्हणजे 4961 बाय 3508 पिक्सेल. डोंगर, खाडी, किल्ले दोन संध्याकाळींत झाले. नावांनी तीन आठवडे खाल्ले. कागद दोनशे वर्षांचा आणि त्यावरची नावं काल टाइप केलेली, असं काहीतरी दिसत होतं.

अक्षरं जुनाट करायची नेहमीची कृती सोपी आहे. काळ्याऐवजी गडद तपकिरी रंग घ्यायचा. अक्षरांवर एक-दीड पिक्सेलचा गॉशियन ब्लर (कडा धूसर करायच्या), मग लेव्हल्सची, म्हणजे गडद-फिकटपणाच्या पट्टीची, दोन्ही टोकं जवळ ओढायची. कोपरे बोथट होतात, शाई किंचित पसरल्यासारखी वाटते. लेयर मास्कवर, म्हणजे अक्षरांचा भाग झाकणाऱ्या थरावर, थोडा नॉइज (बारीक ठिपके), शेवटी मल्टिप्लाय, म्हणजे कागदाचा पोत शाईतून दिसतो. मी गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर वापरते, तिथे जोडाक्षरं नीट येतात. फॉन्ट तिरो देवनागरी मराठी, कारण त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. एक सांगते, मास्क लावल्यावर अनुस्वार मोजा. माझ्या कंकरगडाचा ककरगड झाला होता.

मग मला जास्तच सुचायला लागलं. जुन्या छपाईत प्रत्येक अक्षराचा खिळा (धातूचा ठसा) वेगळा, त्यामुळे दोन खिळ्यांच्या मध्ये शिरोरेघेत केसाएवढी फट दिसते. जुनी पोथी निरखून बघा. मी नव्वद नावांच्या शिरोरेघा एकेका अक्षरापाशी तोडल्या, मात्रा अर्धा पिक्सेल हलवल्या, आणि प्रिंट घेऊन खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. नारायण पेठेत त्यांचा ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, म्हणून सुरुवात केलेला माणूस.

त्यांनी भिंग लावलं. "खिळे बरे जमलेत. पण नकाशा खिळ्यांनी कोण छापतं गं? ही वाकडी नावं खिळ्यांच्या चौकटीत, फर्म्यात, बसवणार कशी?"

मी गप्प.

"शिळाछाप असणार हा. दगडावर हाताने लिहायचे." आणि देवघरावरच्या रामपंचायतनाच्या चित्राकडे बोट केलं. ते आपल्या पुण्याच्या चित्रशाळेचं, 1878 साली निघालेला छापखाना. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापलं तेही दगडावरूनच, हेही ऐकवलं. चहा होईपर्यंत माझ्या नव्वद नावांच्या फटी निकालात निघाल्या होत्या.

हाताने लिहिलेली शिरोरेघ अखंड हवी, आणि इथे खरी अडचण आली. डोंगररांगेचं नाव रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरायचं असतं. रोमन अक्षरं लांब लांब ठेवली तरी काही बिघडत नाही. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि 'सह्यकडा' वाचताना चार वेगळी गावं वाटतात. दोन दिवस मी अंतर कमी करून बघितलं, अक्षरं मोठी करून बघितली. भयंकर.

उत्तर मोडी लिपीत सापडलं. मोडी लिहिणारे आधी आडवी रेघ ओढायचे आणि मग तिला अक्षरं टांगायचे. तसंच केलं: इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रांगेच्या वळणाने एकच रेघ काढली, तिची जाडी दोन्ही टोकांना निमुळती केली, नावाचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, अक्षरं हवी तेवढी लांब नेऊन तिच्याखाली लावली. बोरूने ओढल्यासारखी रेघ अधूनमधून किंचित जाड-बारीक ठेवली. मग ब्लर आणि लेव्हल्स. नॉइज मात्र निम्म्याहून कमी केला आणि तोही बारीक फाट्यांवरच. जाड दांडे भरीव राहू दिले. नद्यांची नावं तिरकी करायचा मोह आवरला, सॉफ्टवेअरने ढकललेली देवनागरी पडायला आल्यासारखी दिसते. त्यांना नुसता फिकट निळसर रंग दिला.

दुसरी प्रिंट घेऊन पुन्हा खाली. काकांनी भिंग फिरवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत.

"दक्षिण दरी. दरीची वेलांटी पहिली काढल्येस."

नावाचं आउटलाइन झालेलं, लेयर सपाट केलेले. ते एक नाव मी पहिल्यापासून परत केलं.