"दादा, तिथे कुणी बोलत नाही का?"

लिब्रेऑफिस या मोफत, खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर आम्ही सातजण करतो. काम वेबलेट या ऑनलाइन भाषांतराच्या साधनावर चालतं, पण शब्दांवरून वाद घालायला आणि अडलं तर विचारायला जागा लागतेच. आमची जागा म्हणजे आयआरसी, इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची सोय. १९८८ पासूनची व्यवस्था; हलकी, कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. मला ती आजही प्रिय आहे.

गेल्या वर्षी बीडची एक विद्यार्थिनी आली. तिच्याकडे फक्त मोबाईल. तिने विचारलं, "कॅल्कमधल्या (लिब्रेऑफिसच्या स्प्रेडशीटमधल्या) सेलला कक्ष लिहायचं का?" दहा मिनिटं वाट पाहिली, मग एसटीत बसली आणि रेंज गेली. रात्री मी सविस्तर उत्तर लिहिलं. ते तिला मिळालंच नाही, कारण आपण जोडलेले नसताना आलेले निरोप तिथे आपल्यासाठी राखून ठेवलेले नसतात. आम्हा जुन्यांचे बाउन्सर, म्हणजे आपल्या वतीने जोडलेले राहून निरोप साठवणारे प्रोग्राम, चोवीस तास चालू, त्यामुळे आम्हाला हे कधी जाणवलंच नव्हतं. चार दिवसांनी तिने फोन करून मथळ्यातला प्रश्न विचारला. तो मला फार लागला.

व्हॉट्सअॅप सगळ्यांकडे होतं, पण तिचा नंबर गटातल्या प्रत्येक अनोळखी माणसाला दिसला असता. ते मला मान्य नव्हतं. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, जुनी चर्चाही वाचता येते. मात्र त्याच्या सर्व्हरचा कोड खुला नाही. झुलिप हे दुसरं चर्चेचं साधन पूर्ण खुलं, विषयवार चर्चा फार नीट राहते, पण सातजणांसाठी तो पसारा वाटला.

शेवटी मॅट्रिक्स घेतलं; ही वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारी, खुली गप्पांची व्यवस्था. फायरफॉक्सवाल्या मोझिलानेही २०२० मध्ये आयआरसी सोडून तेच धरलं होतं. फोन नंबर लागत नाही, ब्राउझरमधूनही येता येतं. माझी चूक अशी की रूम उघडताना एन्क्रिप्शन, म्हणजे निरोप कुलूपबंद करायची सोय, चालू केलं. नव्या माणसाला आधीची चर्चा वाचता येईना, वर किल्ली जपून ठेवायच्या सूचना. एकदा चालू केलेलं एन्क्रिप्शन बंद करता येत नाही, म्हणून दुसरी रूम काढली. आमच्या चर्चेत लपवण्यासारखं होतं तरी काय!

मग तिलाच फोनवर घेऊन खातं उघडायला सांगितलं. मी फक्त ऐकत होतो. सर्व्हर निवडताना ती अडली, रिकव्हरी कीपाशी, म्हणजे कुलूपबंद निरोप परत उघडायच्या किल्लीपाशी, घाबरली. त्या दोन्ही जागांचे स्क्रीनशॉट घेऊन मराठीत एक पान लिहिलं.

तिने पहिलाच निरोप टाकला तो सेलचा. दोन दिवस वाद झाला. 'सेल'च ठेवायचं ठरलं.