तुम्ही विचारलंत म्हणून: विकत घ्यायचं नसताना आर्ट गॅलरीत जावं का?

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, आणि बहुतेक वेळा जरा हळू आवाजात. काचेचं दार, आत पांढऱ्या भिंती, डेस्कवर एकच माणूस लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेला, आणि आपल्याला घ्यायचं तर काहीच नाही, मग आत शिरायचं कशाला, कोणी हटकलं तर? सरळ सांगते, बिनधास्त जा. घ्यायचं नाहीये ना, मग तर नक्कीच जा.

कारण असं बघा, म्युझियमच्या कलेक्शनमधलं काम आज हुकलं तरी पुन्हा कधीतरी दिसायची आशा असते. खासगी गॅलरीतला शो साधारण महिना-दीड महिना चालतो, आणि त्यात जे विकलं जातं ते कोणाच्या तरी घरी, ऑफिसात, नाहीतर थेट गोडाऊनमध्ये जातं. पुढे एखाद्या म्युझियमने मागितलं आणि मालकाने दिलं तर दिसेल, नाहीतर तुमच्या-माझ्यासारख्यांना त्याच्यासमोर उभं राहता येण्याचे दिवस तेवढेच होते.

सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे लिओनार्दोचं म्हणून विकलं गेलेलं 'साल्वातोर मुंडी'. चित्र पाचशे वर्षं जुनं, पण २०१७ मध्ये न्यूयॉर्कला समकालीन कलेच्या लिलावात ठेवलं आणि ४५ कोटी डॉलरला गेलं. त्यानंतर ते कुठल्याही प्रदर्शनात लागलेलं नाही. पण लिलावाआधी ते हाँगकाँग, सॅन फ्रान्सिस्को, लंडन असं फिरवलं होतं, लोक रांगा लावून बघायला आले, हजारो लोक, आणि त्यातल्या जवळपास कोणालाच ते परवडणारं नव्हतं. पण बघितलं ना त्यांनी! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

गॅलरीलाही तुम्ही नको असता असं अजिबात नाही. विकणारी गॅलरी सहसा तिकीट लावत नाही, कारण शो बघितला गेला, त्यावर बोललं-लिहिलं गेलं तरच त्या आर्टिस्टचं पुढे काही होतं. किमती बऱ्याचदा भिंतीवर नसतात, डेस्कवर लिस्ट असते, ती मागून बघितली तरी चालते, मागितली म्हणजे घ्यावंच लागतं असं नाही. लेबलशेजारी लाल टिकली दिसली तर ते काम विकलं गेलंय. फोटो किंवा प्रिंटखाली ३/५ असं लिहिलेलं असेल तर पाच प्रतींमधली ती तिसरी.

आणि काही कामं तर बघणाऱ्याशिवाय पूर्णच होत नाहीत. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या अमेरिकन कलाकाराचं १९९१ चं एक काम आहे, कोपऱ्यात रंगीत कागदातल्या गोड गोळ्यांचा ढीग, ठरलेलं वजन १७५ पाउंड म्हणजे साधारण ७९ किलो. त्याचा जोडीदार रॉस एड्सने गेला, त्याचं हे पोर्ट्रेट. येणाऱ्याने गोळी उचलून न्यायची, ढीग कमी होत जातो, पुन्हा भरतात. आता इथे विकत घेणारा मोठा की गोळी उचलणारा? माझ्या मते उचलणारा, कारण त्याने हात लावल्याशिवाय तो ढीग नुसताच पडून राहतो.

फक्त ओपनिंगच्या संध्याकाळी पहिल्यांदा जाऊ नका. ओळखीपाळखीची गर्दी असते, सगळे चित्रांकडे पाठ करून गप्पा मारतात, ते चुकीचं नाही पण बघणं होत नाही. मधल्या वारी दुपारी जा, रिकामी असते. आधी काम बघा, भिंतीवरचा मजकूर नंतर वाचा, आणि डेस्कवरच्या माणसाला विचारा की हे बनवलंय कसं. अर्थ काय असं विचारलं की लोक अवघडतात, पण कसं बनवलं विचारलं की खुलून बोलतात, कधी आतल्या खोलीतलं अजून एखादं काम काढून दाखवतात. व्हिडिओ असेल तर तो किती मिनिटांचा आहे ते दारापाशीच बघून घ्या, आणि शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, तेव्हा पुन्हा गर्दी होते.