तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरात तेल एवढं कमी कसं लागतं

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो आमच्या किराणा दुकानदाराने. यादी वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "साहेब, तेल आता दुसरीकडून घेताय का? काही चुकलं का आमचं?" बिचाऱ्याला वाटलं गिऱ्हाईक तुटलं. वीस वर्षं आम्ही त्याच्याकडून महिन्याला एक लिटरच्या सहा पिशव्या नेत होतो, सणावाराला सात, आणि आता यादीत चार लिहिलेल्या. मग मेव्हणीने विचारलं, ऑफिसातल्या दोघांनी विचारलं, जिन्यात भेटणाऱ्या काकू तर दर आठवड्याला विचारतात की तुमच्याकडे कोणतं डाएट चालू आहे. डाएट वगैरे काही नाहीये हो. पण प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो.

आम्ही सोलापूरचे. घरात पाच माणसं, आई, मी, बायको, दहावीतली लेक आणि पाचवीतला धाकटा. बायको शाळेत शिकवते, सकाळी पावणेसातला बाहेर पडते, त्यामुळे किराणा आणि संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. हे सांगितलं की लोक एकतर कौतुक करतात नाहीतर गालात हसतात, दोन्हीची सवय झालीय.

तर झालं असं की आईचं बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला विचारलं, घरात महिन्याला तेल किती लागतं, मीठ किती लागतं? मी म्हणलं बेताचंच. "बेताचं म्हणजे किती?" आता दूध किती घेतो ते कॅलेंडरवर रोज लिहिणारा माणूस मी, पण तेल किती लागतं ते मला सांगता येईना. घरी येऊन जुन्या याद्या काढल्या. सहा लिटर म्हणजे साधारण साडेपाच किलो, भागिले पाच माणसं, भागिले तीस दिवस, माणशी रोजचे 36 ग्रॅम आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने वरून घातलेलं तेल-तूप बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅममध्ये बसायला पाहिजे. आणि आमच्या 36 मध्ये बाहेरचे वडे, फरसाण, तूप काही धरलेलंच नव्हतं.

मग मला प्रश्न पडला की हे तेल जातं कुठं? आम्ही काही रोज भजी तळत नाही. दोन दिवस आईच्या मागे ओट्याशी उभा राहिलो तेव्हा चोर सापडला, तो म्हणजे आमची फोडणीची पळी. पितळी आहे, आईच्या लग्नातली. आईचा हात असा की भाजीला दोन पळ्या, आमटीला एक, त्यात कधी वाढ नाही कधी घट नाही. तिच्या मते ते बेताचंच. लेकीने काय केलं, खोकल्याच्या औषधाचं झाकण आणलं, ते दहा एमएलची रेघ असलेलं, आणि पळीत पाणी भरून मोजलं. तीन झाकणं बसली आणि वर थोडं उरलं. म्हणजे एका पळीत तीस एमएलच्या वर. एका वेळेला तीन पळ्या, दोन वेळा स्वयंपाक, महिन्याचा गुणाकार लेकीने तोंडी केला आणि साडेपाच लिटर फक्त फोडणीतच गेलं असं जाहीर केलं. आई म्हणाली, "मग काय पाण्यात फोडणी घालू?"

भांडण झालं का, तर हो, झालं. पण उपाय अगदी साधा निघाला. पळी धुवून पुसून खिळ्याला टांगली आणि तेलाच्या भांड्यात चहाचा चमचा ठेवला. चमचा पाच एमएलचा. आई तोच अंदाज धरून पाच चमचे घालते, तिला वाटतं भरपूर घातलं, आणि एकूण येतात पंचवीस. जिथं साठ जायचे तिथं पंचवीस. चव? पहिले आठ दिवस वांग्याची भाजी तळाला लागत होती, मग जाड बुडाची कढई काढली, झाकण ठेवून झाकणावर पाणी ठेवायला लागलो, जे माझी आजी करायचीच. कांदा आधी मीठ टाकून परतला की तो पाणी सोडतो, तेल कमी लागतं. आता कुणाला फरक कळत नाही, म्हणजे आई सोडून.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. आम्ही सोलापूरकर सगळ्यात शेंगदाण्याचा कूट घालतो. पालेभाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि वर शेंगाचटणी आहेच. शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेलच असतं. त्यात वाईट काही नाही, शेंगदाणा चांगलाच आहे, पण कूट घातलेल्या भाजीला वरून तेलाची फोडणी म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे. म्हणून आता कूटवाल्या भाजीला दोनच चमचे तेल. शेंगाचटणी बंद करा असं कोणी म्हणलं तर मी घर सोडून जाईन.

भाकरीचंही विचारतात लोक, तुमच्याकडे मुलं भाकरी खातात कशी म्हणून. सोलापुरात राहून हा प्रश्न पडावा याचंच मला वाईट वाटतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन (त्या भागाची खास ओळख म्हणून मिळतं ते) मिळालंय आणि आपण तिथून तासाभरावर राहून ब्रेडचे पुडे आणतो. अर्थात आमच्याकडेही मधे भाकरी फक्त आईच खायची, आम्ही सगळे पोळीवाले. तेलाचा हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं की पोळीला कणकेत तेल, घडीत तेल, भाजताना तेल, आणि भाकरीला नुसतं पाणी. म्हणून रात्रीची भाकरी सुरू केली, आरोग्याचा विचार नंतर आला. थापायला मीच शिकलो. आईने एवढंच सांगितलं की पीठ ताजं पाहिजे, विरी, म्हणजे धरून ठेवण्याचा गुण, गेलेल्या पिठाची भाकरी हातातच मोडते, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून गिरणीतून एका वेळी दोन किलोच दळून आणतो, आणि पीठ जरा जुनं झालं असेल तर उकळतं पाणी घालून मळतो. पहिल्या महिन्यात परातीतून तव्यापर्यंत जाईतो तुकडे व्हायचे आणि धाकटा ते तुकडेच दुधात कुस्करून खायचा, तिथून त्याला भाकरी आवडायला लागली. मी काहीच केलं नाही त्यात.

आणि हो, भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, शुगर वाढत नाही, असं जे सांगतात ते खरं नाही. तंतू असतात, पोट भरतं, हे बरोबर. पण शेवटी तीही धान्याचीच, पिष्टमय. आमचे एक नातेवाईक डायबेटिस आहे म्हणून पोळी सोडून चार-चार भाकरी हाणायचे आणि शुगर का उतरत नाही म्हणून डॉक्टर बदलत होते.

मुलांच्या भाज्यांचं मात्र मला अपघाताने सापडलं. एका संध्याकाळी गॅस संपला, सिलेंडर बदलेपर्यंत उशीर झाला, आणि मी कोशिंबिरीसाठी काकडी-गाजर चिरून ओट्यावर ठेवलेलं होतं. दोघं खेळून आलेले, कडाडून भूक लागलेली, समोर दुसरं काहीच नाही. दहा मिनिटांत परात साफ. तेच गाजर ताटात वाढलं की "बाबा, थोडंच" चालू होतं. तेव्हापासून नियम केला की सात वाजता, भाकऱ्या सुरू व्हायच्या आधी, एक ताटली भरून काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कधी मोड आलेली मटकी लिंबू पिळून, ओट्यावर ठेवायची आणि कोणाला काही म्हणायचं नाही. खा म्हणलं की संपलं. त्याच वेळेला घरात खारी किंवा बिस्किटांचा पुडा असला की ताटली तशीच राहते, हे पण बघून झालंय. म्हणून बिस्किटं यादीतूनच काढली, त्याऐवजी डब्यात कडक भाकरी असते. मूल भुकेलं असताना हात कुठं जाईल हे त्या दिवशी ठरत नाही हो, ते महिन्याच्या एक तारखेला किराण्याची यादी लिहिताना ठरलेलं असतं.

साखरेचं फार सांगण्यासारखं नाही, पाच किलोवरून तीनवर आलो, चहाचे कप लहान आणले एवढंच. बायकोला जेवण झाल्या झाल्या चहा लागतो, तिचं हिमोग्लोबिन कमी आहे आणि चहामुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, तासभर थांबायला पाहिजे, हे ती स्वतः मुलांना शिकवते. शिकवते आणि घरी येऊन चहा टाकते. मी गप्प बसतो. भाजीवर लिंबू पिळतो फक्त, त्याने लोह शोषायला मदत होते.

मिठात मात्र मी चूक केली, ती सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. माणशी दिवसाला पाच ग्रॅम मीठ पुरे म्हणतात, म्हणजे पाच माणसांना एक किलोची पिशवी चाळीस दिवस जायला हवी. आमची वीस दिवसांत संपायची, वर पापड लोणचं वेगळं. मी फार हुशारी करून कमी सोडियमचं मीठ घेऊन आलो, महाग होतं तरी आणलं, आईसाठी म्हणून, आणि दीड महिना तेच वापरलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं तर ते चिडलेच. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. आईच्या गोळ्या नेमक्या त्यातल्याच. ताबडतोब रक्त तपासलं, नशिबाने ठीक निघालं, पण तो रिपोर्ट येईपर्यंतची रात्र मला विचारू नका. आता साधंच आयोडीनचं मीठ, फक्त ताटात वरचं मीठ वाढायचं बंद केलं, भाकरीच्या पिठात मीठ घालत नाही, आणि लोणचं एक दिवसाआड. आईला सगळ्यात जास्त जड गेलं ते पापड सोडणं. तेल सोडलं तेव्हा एवढी चिडली नव्हती.

जेवल्यावर ती गॅलरीत पंधरा मिनिटं फेऱ्या मारते, मोबाईलवर कीर्तन लावून. मी तलावावर चालायला जातो असं सगळ्यांना सांगतो, त्यातले चार दिवस खरे असतात.

आता यावरून आमच्याकडे सगळे फार शहाण्यासारखं जेवतात असं समजू नका. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरली की गड्ड्यावर, म्हणजे तिथल्या जत्रेत, मुलं दिसेल ते खातात, मीही खातो. महिन्यातून दोनदा नूडल्स होतात. धाकटा दुधी भोपळा आजही खात नाही आणि मीही लहानपणी खात नव्हतो म्हणून त्याला काही बोलत नाही. सुरुवातीला मी किनवा (ते परदेशी धान्य) आणला होता, पाऊण किलो, तो एकदा शिजवला, आईने "हे कोंबड्यांचं का?" असं विचारलं, आणि उरलेला खरंच चिमण्यांना गेला. भोगीच्या भाजीला मात्र सगळे टपून बसतात, वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, तीळ आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. त्या दिवशी मोजायचं नाही असं ठरलंय.

आणि रविवारी मटण. काळ्या मसाल्याचं, वर तवंग असलेलं, तवंग नसेल तर त्याला रस्सा म्हणत नाहीत असं आईचं मत आहे आणि माझंही. रविवारी सकाळी ती स्वतः स्टुलावर चढून (नको म्हणलं तरी) खिळ्यावरची पळी काढते, पदराने पुसते आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

तेलाची पिशवी फोडली की लेक कॅलेंडरवर त्या तारखेला "ते" लिहिते, दुधाच्या आकड्यांच्या शेजारी. या महिन्यात चौथा "ते" 21 तारखेला पडलाय, अजून नऊ दिवस जायचेत आणि रविवारी मेव्हणीचं कुटुंब जेवायला येणार आहे. आईने दीड किलो मटण सांगितलंय. दुकानदाराला फोन करावा लागणार असं दिसतंय, तो खूश होईल.