इंदूरचा ब्रॉडबँड नकाशा: आधी टेस्ट मोजा, मग वेग रंगवा

स्पीडटेस्ट या इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या अ‍ॅपच्या आकड्यांवरून शहराचा नकाशा करायला घेतला की बहुतेक जण थेट वेग रंगवतात. पहिला थर टेस्टच्या संख्येचा हवा. लोकांनी बटण कुठे दाबलं हे कळल्याशिवाय वेगाच्या रंगाला काही अर्थ नाही.

माल फुकट आहे. स्पीडटेस्टवाली ऊकला २०१९ पासूनचा दर तिमाहीचा डेटा खुला ठेवते. मोबाइल आणि फिक्स्ड (घरातलं-ऑफिसातलं कनेक्शन) वेगळे, पार्केट (मोठ्या तक्त्यांची फाईल) किंवा शेपफाईलमध्ये (नकाशाची फाईल). एकेक टेस्ट मिळत नाही, झूम १६ च्या टाइलची, म्हणजे वेब नकाशाच्या एका ठरावीक चौकोनाची, सरासरी मिळते. विषुववृत्तावर ही टाइल साधारण ६१० मीटरची, इंदूरच्या अक्षांशावर ५६३ च्या आसपास. राजवाड्याभोवती तेवढ्यात कितीतरी गल्ल्या बसतात. सुपर कॉरिडॉर या शहराच्या कडेच्या रस्त्याला तीच जवळजवळ मोकळी निघू शकते.

जगभराची फाईल क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढू नका, लॅपटॉप बसेल. डकडीबी या डेटाबेसमध्ये क्वाडकी (टाइलचा ओळख क्रमांक) १२३१ ने सुरू होणाऱ्या ओळी उचला, मग रेखांश ७५.७५ ते ७५.९७ आणि अक्षांश २२.६२ ते २२.८२ एवढा तुकडा कापा. मधे एक्सेल नको. क्वाडकी सोळा अंकी असते, एक्सेल पंधराच अंक धरतं आणि शेवटच्या जागी शून्य ठेवतं. शेजारच्या चार टाइलना एकच नंबर मिळतो आणि जॉइन (दोन तक्ते जुळवणं) गुपचूप चुकतो. तो रकाना कायम टेक्स्ट ठेवायचा.

वेग केबीपीएसमध्ये असतो, एमबीपीएससाठी हजाराने भागा. वॉर्डाची सरासरी काढताना टेस्टचा भार द्या. एका टाइलमध्ये ३ टेस्ट, ९० एमबीपीएस. दुसरीत ६० टेस्ट, ३० एमबीपीएस. साधी सरासरी ६० येते, भारित जेमतेम ३३. डिव्हाइसचा रकानाही बघा: ४० टेस्ट आणि २ डिव्हाइस म्हणजे कुणीतरी वैतागून पुन्हा पुन्हा तपासतंय. पाचपेक्षा कमी डिव्हाइस असलेली टाइल आम्ही करडी ठेवतो. हा आकडा आमच्या अंदाजाचा, नियम नव्हे.

फिक्स्ड थराची खरी गोम अशी की त्यातल्या टेस्टही मोबाइलवरूनच, वाय-फायने झालेल्या असतात. जुन्या वाड्यात राउटर पुढच्या खोलीत, फोन माजघरात, मधे जाड भिंती: शंभरचं कनेक्शन पंचवीस दाखवतं. दोष फायबरचा नसतो. शिवाय स्वस्त प्लॅन घेणाऱ्यांची कॉलनीही संथच दिसते, दारापर्यंत लाइन उत्तम आली असली तरी. म्हणून या नकाशाला 'उपलब्धता' म्हणू नये. केंद्राच्या दूरसंचार विभागाची ब्रॉडबँडची किमान व्याख्या २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. तेवढी रेषा ओढून बसलात तर जवळपास अख्खं शहर हिरवं होईल आणि काहीच कळणार नाही.

रिकाम्या टाइलवर लोकसंख्येचा थर टाका. सिरपूर तलावावर टेस्ट नाही हे ठीकच, पण भरवस्तीत नसेल तर तिथे माणूस पाठवावा लागतो. एम-लॅब या दुसऱ्या वेगचाचणीचा खुला डेटा ही पोकळी भरत नाही: त्यातलं स्थान आयपीवरून (कनेक्शनच्या इंटरनेट पत्त्यावरून) काढलेलं असतं, मोहल्ल्याच्या कामाचं नाही.

एका तिमाहीत टाइल विरळ पडतात, तेव्हा चार जोडा. जोडताना टेस्टची बेरीज चालते, डिव्हाइसची नाही. तोच फोन चारही तिमाहींत मोजला गेलेला असू शकतो.