दुधाळ चकती

सकाळी प्रयोगशाळेतला ओव्हन उघडला आणि साच्यातली इपॉक्सीची चकती बघून पोटात गोळा आला. आरपार दिसायला हवी होती, निघाली दुधाळ. याआधीच्या चकतीखाली छापील कागद ठेवला तर अक्षर न् अक्षर वाचता यायचं.

इपॉक्सी ही घट्ट होणारी राळ कडक, पण ठिसूळ. म्हणून तिच्यात ब्लॉक कोपॉलिमर, म्हणजे वेगवेगळ्या प्लास्टिकचे तुकडे जोडून केलेली साखळी, मिसळायचा. आमचा तीन तुकड्यांचा होता: पॉलिस्टायरीन, पॉलिब्युटाडाइन, पीएमएमए. रबरी ब्युटाडाइनला इपॉक्सी सुरुवातीपासूनच नको असते, पीएमएमएचं मात्र तिच्याशी छान जमतं. त्यामुळे नकोसे तुकडे आपसूक आत गोळा होतात आणि पीएमएमए झालरीसारखा बाहेर पसरतो. या गोळ्यांना म्हणायचं मायसेल, आकाराने दहा ते शंभर नॅनोमीटरच्या मधले. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणून तो त्यांच्यावर फारसा विखुरत नाही. दुधाळपणा आला म्हणजे आत काहीतरी मोठं झालं.

"काय बदललंस?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही."

आधी हवेचे बुडबुडे, मग ओलावा, मग ओव्हनचं तापमान, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दुपारी वही उघडली. हार्डनरच्या, म्हणजे इपॉक्सी घट्ट करणाऱ्या रसायनाच्या, रकान्यात माझ्याच अक्षरात : डीडीएस. नेहमीच्या हार्डनरची, एमसीडीईएची, बाटली संपली होती. दोन्ही डायअमाइनच, म्हणजे एकाच जातीची रसायनं, म्हणून मी वजनाचा हिशेब नव्याने मांडून डीडीएसची बाटली वापरली होती. हिशेब अचूक होता, त्याचा मला अभिमानही वाटला होता!

डीडीएस घातल्यावरही मिश्रण सुरुवातीला स्वच्छच दिसतं, फसायला होतं ते तिथेच. इपॉक्सीच्या साखळ्या वाढत जातात तसं पीएमएमएचं त्यांच्याशी जमेनासं होतं आणि मिश्रण जेलीसारखं गोठण्याआधीच तो वेगळा पडतो. झालर आकसली की मायसेलांना एकमेकांपासून दूर ठेवणारं कुणी उरत नाही. एमसीडीईएमध्ये तो शेवटपर्यंत विरघळलेला राहतो.

नवी बाटली आल्यावर दुसरी चकती ओतली. ती स्वच्छ निघाली.

दुधाळ चकती मी फेकली नाही. हिऱ्याच्या सुरीने तिचे पातळ काप काढले, ब्युटाडाइन काळं दिसावं म्हणून ऑस्मियम टेट्रॉक्साइडची वाफ दिली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. ब्युटाडाइनचे काळे ठिपके जवळपास तेवढेच बारीक होते. फक्त द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटून बसलेले.