‘मिसेरेरे’चे रूप सोडवताना

आमच्या वसईत मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधला मुख्य उपासनाविधी, मराठीतून होते. तरीही प्रायश्चित्तकाळात आमचे गायनमंडळ कधीमधी एखादे लॅटिन स्तोत्र बसवते आणि त्या वर्षी ‘मिसेरेरे मेई, देऊस’ हे स्तोत्र निवडले गेले. मराठी बायबलमध्ये हे ५१ वे स्तोत्र. वल्गाता या जुन्या लॅटिन बायबलमध्ये त्याचा क्रमांक ५० आहे. ‘हे देवा, माझ्यावर दया कर’ हा अर्थ सर्वांना ठाऊक होता. परंतु महाविद्यालयात संस्कृत शिकल्यामुळे, ज्या शब्दाचे रूप ओळखता येत नाही तो नुसता गाणे मला जड जाते.

कोशात ‘मिसेरेरे’ सापडत नाही. लॅटिन कोश क्रियापदाची नोंद वर्तमानकाळाच्या प्रथमपुरुषी एकवचनाने करतात आणि ती येथे ‘मिसेरेओर’, म्हणजे ‘मला दया येते’, अशी आहे. ‘-ओर’ हा शेवट एरवी कर्मणी रूपाचा, अर्थ मात्र कर्तरी. अशा क्रियापदांना डेपोनंट म्हणतात. इंग्रजी पाठ्यपुस्तके हा प्रकार अपवाद म्हणून शिकवतात, पण ‘लभते’, ‘सेवते’, ‘वन्दते’ ही रूपे पाठ केलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. ही आत्मनेपदाचीच, म्हणजे संस्कृतमधल्या ‘-ते’ अशा शेवटाच्या क्रियारूपांचीच, जातकुळी आहे. आता ‘मिसेरे-’ हे अंग आणि ‘-रे’ हा आज्ञार्थी एकवचनाचा प्रत्यय अशी फोड होते. घोटाळा होतो तो ‘हाबेरे’, ‘आमारे’ या साध्या क्रियापदांच्या भाववाचक रूपांचा शेवटही ‘-रे’ असल्यामुळे. या क्रियापदाचे तसे रूप ‘मिसेरेरी’ होते. अनेकवचन ‘मिसेरेमिनी’. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, १९ व्या अध्यायात, ईयोब मित्रांकडे दयेची याचना करतो, तिथे हेच रूप दोनदा आले आहे.

माझा खरा वेळ गेला तो ‘मेई’पाशी. ही षष्ठी आहे, म्हणजे शब्दशः ‘माझी दया कर’. आपण ‘माझ्यावर दया कर’ म्हणतो खरे, पण ‘मला त्याची दया येते’, ‘त्याची कीव येते’ असेही म्हणतोच, आणि तिथे षष्ठी कुणाला खटकत नाही. त्यातच पाणिनीचे ‘अधीगर्थदयेशां कर्मणि’ (२.३.५२) हे सूत्र आठवले: स्मरणार्थक धातू, दय् आणि ईश् यांच्या कर्माला षष्ठी. दय् धातू आत्मनेपदीही आहे. म्हणजे ‘मम दयस्व’ आणि ‘मिसेरेरे मेई’ यांची बांधणी जवळजवळ सारखी. धातू मात्र एकमेकांचे कुणी नव्हेत. प्रत्ययांत मात्र जुने नाते दिसते. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स्’चा ‘र्’ झाला (‘गेनुस’चे ‘गेनेरिस’), त्यामुळे ‘-रे’मधला ‘र्’ मूळचा ‘स्’ आहे. ‘दयस्व’मध्ये तो अजून ऐकू येतो.

एवढे जुळल्यावर मिस्साविधीची लॅटिन संहिता पाहिली, तर पापकबुलीनंतर धर्मगुरू म्हणतो, ‘मिसेरेआतुर नोस्त्री ओम्निपोतेन्स देऊस’: सर्वसमर्थ देव आम्हांवर दया करो. क्रियापद विध्यर्थी, ‘नोस्त्री’ षष्ठी. मात्र त्याच मिस्साविधीत ग्लोरिया या स्तुतिगीतामध्ये आणि आग्नुस देई (‘देवाचे कोकरू’) या प्रार्थनेमध्ये ‘मिसेरेरे नोबिस’ येते, आणि ‘नोबिस’ ही चतुर्थी आहे. अभिजात लॅटिनची रीत षष्ठीची. चतुर्थी पुढे ख्रिस्ती लॅटिनमध्ये रुळली. क्षमा करणे, गय करणे या अर्थाची ‘पार्के नोबिस’सारखी क्रियापदे चतुर्थी घेतात आणि विनवणीमाळेच्या शेवटी ‘पार्के नोबिस, दोमिने’ व ‘मिसेरेरे नोबिस’ एकाच ओघात म्हटले जातात. त्या शेजाराचा परिणाम झाला असावा, असे मला वाटते. ‘ते देऊम’ या स्तोत्रात मात्र ‘मिसेरेरे नोस्त्री, दोमिने’ अशी षष्ठीच टिकली आहे.

गाताना याचा उपयोग झाला तो आघातापुरता. अंगातला ‘रे’ दीर्घ असल्याने आघात उपान्त्य अक्षरावर, म्हणजे तिसऱ्यावर पडतो. आमची मंडळी मराठी सवयीने चारही अक्षरे सारखीच म्हणत होती, ती पुढच्या सरावापासून तिसऱ्यावर जोर देऊ लागली.